खेकड्याचा टप

१

सार्जंट नेलिदा ओयार्सो ला पोर्फियादाच्या आवारात शिरली तेव्हा ज्याला पकडून न्यायचं होतं तो माणूस पिशवी भरून तयार बसला होता.

तिने आपली गाडी तिथल्या गाड्यांच्या रांगेत लावली, दार जेमतेम अंग निघेल एवढं उघडलं आणि समोरून येणारा वारा तोंडावर घेत उतरली. नव्वद किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याची धूळ तिच्या दातांत होती.

वर्कशॉपच्या पायरीवर बसलेल्या माणसाने टोपी काढली. एवारिस्तो मान्सिया, वय एकसष्ट, या मेंढ्यांच्या जागिरीवर चौदा वर्षं फिटर.

"पिशवीत काय आहे?"

"दाढीचं सामान. आणि लोकरीचे मोजे. गायेगोस शहरातल्या कोठडीत फार थंडी असते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"गुमेर्सिंदो."

"त्याला काय ठाऊक?"

"तीनदा जाऊन आलाय. तिन्ही वेळा घोड्यापायी."

तेवढ्यात घरातून मालकीणबाई आल्या. इर्मा रॅडफर्ड, सत्तरीच्या, उंच, अंगावर नवऱ्याचा जुना कोट. त्यांनी हात पुढे केला, पण बसा म्हटलं नाही.

"सार्जंट, उगाच वेळ घालवू नका. मंगळवारी दुपारी चार वाजता माझ्या मुकादमाच्या डोक्यावर गाडीचा टप येऊन आदळला. आन्सेल्मो उरीबे दोन दिवस गायेगोसच्या इस्पितळात बेशुद्ध आहे. टप दोन पकडींनी बसवलेला होता. पकडी उघड्या सापडल्या. त्यांच्यात पिना होत्या, त्या नाहीत. पीन आपली आपण निघत नाही. आणि याच्या खिशात बघा."

मान्सियाने न सांगता खिसा उलटा केला. पायरीवर पक्कड पडली, आणि तारेत ओवलेल्या वीसेक पिना.

"त्याच मापाच्या," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि आदल्याच दिवशी हा सगळ्यांसमोर आन्सेल्मोला काय म्हणाला, ते विचारा."

नेलिदाने मान्सियाकडे पाहिलं.

"म्हणालो होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "की तुझं डोकं एवढं कडक आहे, एक दिवस टपच त्याची परीक्षा घेईल."

२

ज्या गाडीचा हा टप, तिला सगळे खेकडा म्हणत. रंगाने लाल, बसकी, चार फताडी चाकं चारी बाजूंना फेकलेली. रस्ता नसलेल्या माळावरून, ओढ्यातून, बर्फातून मेंढ्यांमागे हिंडायला सप्टेंबरात घेतलेली. दोन आसनं, मागे छोटा हौदा, वर लोखंडी नळ्यांचा सांगाडा. दारं नव्हतीच.

मंगळवारपासून तिला कुणी हात लावला नव्हता. कोंडवाड्यापाशी होती तिथेच, होती तशीच उभी होती. टप मात्र पूर्वेला तीनशे पावलांवर कुंपणाच्या तारांत अडकून बसला होता. मान्सिया आणि नेलिदाने तो दोन बाजूंनी धरून आणला. वाऱ्याविरुद्ध चालताना दोनदा तो दोघांना घेऊन निघाला होता.

"कसा बसतो ते सांगा," ती म्हणाली.

मान्सियाचा आवाज कामाचं बोलताना एकदम सरळ झाला. "पुढची कड या दोन आकड्यांत अडकते. मागच्या कडेला या दोन पकडी. मागच्या नळीवर पकड ठेवायची, दांडी खाली दाबायची, की ती नळीला मिठी मारते. मग दांडीच्या भोकातून पीन घालायची आणि पिनेचे दोन पाय वाकवायचे. पाय सरळ केल्याशिवाय पीन निघत नाही. त्याला पक्कड लागते."

"आणि पक्कड कुणाकडे असते?"

"माझ्याकडे." मग प्रामाणिकपणे, "गुमेर्सिंदोकडे पण. नालांसाठी. आणि मुकादमाच्या पेटीत एक. तो पोर्तेन्यो, राजधानीहून आलेला पोरगा, सोडला तर सगळ्यांकडे."

"टप कोणी बसवला?"

"मीच. सप्टेंबरात. चार महिन्यांत हलला नाही, सार्जंटबाई. तुम्हांला माहीत आहे इथलं वारं. नोव्हेंबरात कोंबड्यांचं खुराडं कोंबड्यांसकट गेलं, टप हलला नाही."

"नंतर काही बदल केला?"

"टपात नाही. ऑक्टोबरात दगड उडून पुढची काच फुटली, ती काढून टाकली. नवी अजून आली नाही. आणि नाताळाच्या आसपास मुकादमाची पाठ धरली, म्हणून आसनांच्या मागे हा पत्रा लावून दिला. मागच्या बाजूने थंडी येते म्हणायचा."

नेलिदाने पकडींच्या दांड्या बघितल्या. दोन्ही वर उठलेल्या. भोकांत ग्रीस आणि धुळीचा काळा चिकटा. मग गाडीची मागची नळी बघितली. पकडी जिथे बसत तिथे बोटभर रुंदीचा रंग उडून लोखंड चकाकत होतं, आणि भोवती रबराचा काळा भुगा. तिने भुग्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"हे काय?"

मान्सिया वाकला. त्याच्या कपाळाला आठी पडली. "घासलंय. पण मी चार महिन्यांत घासलेलं पाहिलं नाही."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"गेल्या शुक्रवारी. तेल घातलं तेव्हा. नळी रंगाने गच्च होती."

शुक्रवार ते मंगळवार, चार दिवस. नेलिदाने वहीत तेवढंच लिहिलं. एका झटक्यात पीन उपटून पळालेल्या माणसाचं हे काम असेल, तर चार दिवस नळी कोण घासत बसलं होतं?

३

घोडे सांभाळणारा म्हातारा गुमेर्सिंदो कात्रिलेओ कोंडवाड्याच्या फळीवर बसून कुत्र्यांशी बोलत होता. वय कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नसावं. खेकडा आला आणि त्याचे सहा घोडे विकले गेले. ही गोष्ट त्याने पहिल्या मिनिटात तीनदा सांगितली.

"त्या चिलोतेला नेणार?" त्याने विचारलं. मान्सिया चिलोए बेटावरचा होता, आणि गुमेर्सिंदोने चौदा वर्षांत त्याला नावाने हाक मारली नव्हती.

"तुम्हांला काय वाटतं?"

"मला वाटतं तो माझी दाढीची पाती नेतोय. ती परत हवीत."

"मंगळवारी काय पाहिलंत?"

म्हाताऱ्याने हात लांब करून दाखवलं. "मी इथे. आन्सेल्मो तिथे, खेकड्याच्या मागे, हौद्यातून खांब उतरवत होता. आसपास दुसरं चिटपाखरू नाही. एक जोराची झुळूक आली. तुम्हांला येताना रस्त्यावर ढकललं असेल ना, तसली. टप मागून उचलला, उभा राहिला, आणि आकड्यांतून सुटून त्याच्यावर गेला. खेकड्याने पाठ उघडावी तसा."

"पिना त्याआधी कुणी काढल्या असतील तर?"

"माझ्यावर संशय आहे ना? असू द्या. या वयात कुणी संशय घेतला तरी बरं वाटतं." तो हसला, आणि मग हसू आवरून म्हणाला, "मला ती गाडी आवडत नाही. पण आन्सेल्मो माझ्या बायकोच्या मावशीचा मुलगा. मी पीन काढली असती तर घोडे विकले त्या दिवशी, मालकीणबाई गाडीत बसल्या असताना."

"दुसऱ्या कुणाला राग होता?"

"पोर्तेन्योला. शनिवारी आन्सेल्मोने त्याला सगळ्यांसमोर झोडपलं. शब्दांनी हो. पोरगं राजधानीतलं, त्याला गाडी लावता येत नाही. तीन आठवडे हा बाबा खेकड्याचा पार्श्वभाग वाऱ्याला दाखवून ठेवायचा. पाच वर्षांच्या पोरालाही इथे कळतं की गाडीचं नाक वाऱ्यात ठेवायचं. आम्ही हसून हसून दमलो. शेवटी आन्सेल्मोने किल्लीच काढून घेतली. आणि मंगळवारी बाराला हा पुन्हा खेकड्यापाशी एकटाच दिसला."

पोर्तेन्यो, म्हणजे तोबियास फेरांते, गवताची मोजणी करायला आलेला सव्वीस वर्षांचा कृषितज्ज्ञ, वर्कशॉपमागे आडोशाला उभा राहून सिगारेट पेटवायचा प्रयत्न करत होता. पाचवी काडी विझल्यावर त्याने नाद सोडला.

"मंगळवारी दुपारी बारा वाजता तू खेकड्यापाशी एकटा होतास," नेलिदा म्हणाली.

तो पांढरा पडला. "आसनाखाली माझी वही राहिली होती. पाच मिनिटं. पिना कुठे असतात हेसुद्धा मला माहीत नाही, सेन्योरा."

"सार्जंट."

"सार्जंट. मला खरंच माहीत नाही. मला इथलं काहीच माहीत नाही, हे कुणीही सांगेल तुम्हांला. गाडी लावायचंही कळत नाही म्हणे मला."

"कशी लावायचास?"

"वाऱ्याकडे पाठ करून. पुढे काच नाही ना, तोंड करून लावली की कागद उडायचे. मागे पत्रा आहे, तो आडोसा व्हायचा. चुकलं असेल माझं."

नेलिदाने नकळत मान डोलावली. तीही याच वाऱ्यात वाढली होती. चुकलंच होतं त्याचं.

आणि वर्कशॉपच्या दारातून मालकीणबाईंची हाक आली. "सार्जंट! लवकर या. रेडिओवर आपलं नाव घेतलं."

४

दुपारी एकला गायेगोसचं केंद्र माळावरच्या लोकांचे निरोप वाचतं. कुणाची गाय व्याली, कुणाचं औषध कुठल्या ट्रकने येतंय, कुणाचं लग्न पुढे गेलं. फोन न पोचणाऱ्या त्या प्रदेशात सगळे सगळ्यांचे निरोप ऐकतात, आणि कुणी तसं मान्य करत नाही.

स्वयंपाकघरात पाच माणसं उभी होती. मान्सियाने पिशवी छातीशी धरली होती. निवेदिका आधी दुसऱ्या कुणाचा डिझेलचा निरोप वाचत होती, आणि तो संपता संपत नव्हता. मग ती म्हणाली:

"ला पोर्फियादासाठी पुन्हा एकदा. आन्सेल्मो उरीबे आज सकाळी शुद्धीवर आला. खांद्याचं हाड मोडलं आहे, डोकं शाबूत आहे. जेवण मागतो आहे. आन्सेल्मो सांगतो, शनिवारपासून मी खेकडा नाक वाऱ्याकडे करून नीट लावतो आहे, माझ्यामागे कुणी उलटा लावू नये. पाठवणार, बहीण देलिया."

मालकीणबाईंनी रेडिओ बंद केला. मग गुमेर्सिंदो म्हणाला, "डोकं शाबूत. टपाचं बघा काही झालंय का," आणि सगळे एकदम हसले. मान्सिया भिंतीला टेकला. त्याने पिशवीत तोंड घातलं, आणि त्याचे खांदे हलत होते ते हसण्याने की कशाने, हे कुणी बघितलं नाही.

मालकीणबाईंनी डोळे पुसले. मग कोटाची बटणं लावली. "देवाची कृपा. पण माणूस वाचला म्हणून पीन काढणारा सुटत नाही, सार्जंट. तो माणूस या खोलीत आहे. उद्या हाच कुणाच्या तरी घोड्याचा पट्टा कापेल. न्या त्याला."

हसणं जिथल्या तिथे थांबलं.

नेलिदा बाहेर पडली. निरोपातले दोन शब्द तिच्या कानात अडकले होते. शनिवारपासून. शुक्रवारी नळीवर रंग होता. शनिवारी किल्ली मुकादमाने घेतली.

ती खेकड्यात चढून बसली. गाडीचं नाक थेट पश्चिमेला. वारा मोकळ्या चौकटीतून सरळ छातीवर आला. पण एक गंमत होती. तिच्या मानेवरचे केस पुढून मागे जात नव्हते. ते मागून वर उठत होते. जणू आसनामागून कुणी फुंकर घालत होतं. तिने मागे हात नेला. मुकादमाच्या पाठीसाठी लावलेला तो पत्रा तळहाताखाली थरथरत होता. समोरून आलेला वारा त्याच्यावर आपटून वर जात होता.

वर. जिथे मंगळवारपर्यंत टप होता.

ती खाली उतरली. अंबाड्यातून केसांचा आकडा काढला आणि टपाशी गुडघे टेकून बसली. पकडीच्या दांडीचं भोक काळ्या चिकट्याने बुजलं होतं. पीन नाही, असं सगळ्यांनी बघितलं होतं. भोकात कुणी बघितलं नव्हतं. तिने आकडा आत घातला आणि दाबला.

काहीतरी घट्ट लागलं. तिने दगड घेऊन आकड्यावर हलकेच मारला. तिच्या तळहातावर नखाएवढा लोखंडी तुकडा पडला. दोन्ही टोकं ताजी, चकचकीत, कापल्यासारखी.

दुसऱ्या भोकातून तसाच दुसरा निघाला.

५

"हे बघा," तिने मालकीणबाईंच्या हातावर दोन्ही तुकडे ठेवले. सगळे कोंडवाड्यापाशी जमले होते. "पिनांचे मधले भाग. पीन पक्कड लावून ओढून काढली तर अख्खी निघते. इथे मधला भाग भोकात राहिला. डोकं आणि पाय दोन्हीकडून तुटून पडले. म्हणजे पिना कुणी काढल्या नाहीत. दांडी जोराने वर उठली, आणि तिने पिना कापल्या."

"दांडी उठवली कोणी?"

"टपाने. टप उठवला वाऱ्याने."

"वाऱ्याने!" मालकीणबाईंचा आवाज चढला. "सप्टेंबर ते जानेवारी वारा काय सुट्टीवर होता? मंगळवारपेक्षा मोठी वादळं झाली. तेव्हा नाही उठवला?"

"बरोबर. मलाही तेच अडलं होतं." नेलिदा मान्सियाकडे वळली. "एवारिस्तो, लोकरीच्या गाठी बांधायचं जाड कापड आहे? टपाएवढं कापा आणि सांगाड्यावर चारी कोपऱ्यांना दोरीने बांधा. ढिलं बांधा."

मान्सियाने पिशवी खाली ठेवली. रेडिओ लागल्यापासून पहिल्यांदा. दहा मिनिटांत कापड बांधून झालं. शेवटची गाठ बसताक्षणी ते फुगलं, ढोलासारखं गच्च, चारही दोऱ्या कडकडल्या. खेकड्याची मागची चाकं बोटभर हलली.

"आई गं," तोबियास म्हणाला.

"आता तू बस," नेलिदा त्याला म्हणाली, "आणि गाडी तुझ्या पद्धतीने लाव."

त्याने सगळ्यांकडे चोरटेपणाने बघितलं. गुमेर्सिंदो कपाळावर हात मारून घेण्याच्या तयारीत होता. खेकडा घुरघुरला, अर्धं वर्तुळ फिरला, आणि पाठ वाऱ्याकडे करून थांबला. कापड खाली बसलं. कडेने थोडं फडफडलं, मधे झोळ पडला, बस. मान्सियाने एका बोटाने दोरी दाबून पाहिली. दोरी सैल होती.

मग नेलिदाने सुरुवात केली. ती सावकाश बोलत होती, कारण तिलाही ते पहिल्यांदाच पूर्ण दिसत होतं.

"पुढची काच ऑक्टोबरात गेली. तेव्हा मागे पत्रा नव्हता. नाक वाऱ्याकडे केलं तरी वारा पुढून आत, मागून बाहेर. टपाला त्याचं काही नव्हतं. नाताळात मागे पत्रा आला. आता गाडी म्हणजे तोंड उघडं ठेवलेलं पोतं. पण लगेचच ती तोबियासच्या हातात गेली, आणि तो लावायचा उलटी. पोत्याचं तोंड वाऱ्यापासून लांब. शुक्रवारी एवारिस्तोने पाहिलं तेव्हा नळीचा रंगही गेला नव्हता. शनिवारी मुकादमाने किल्ली घेतली आणि गाडी नीट लावली. चार दिवस, रात्रंदिवस, वारा पोत्यात शिरून टपाला खालून धक्के मारत राहिला. रबर झिजलं, पिना थोड्या थोड्या कापल्या जात गेल्या. मंगळवारी चारला त्या पुरत्या तुटल्या."

"पण चालताना?" मालकीणबाईंनी विचारलं. आवाज आता वेगळा होता. "चालताना वारा पुढूनच येतो की."

"माळावर ही गाडी ताशी वीसने जाते, आणि दर वळणाला तोंड फिरवते. उभी असते तेव्हा शंभरचं वारं एकाच जागी तासन्‌तास खाते."

"म्हणजे आन्सेल्मोनेच..."

"आन्सेल्मोने, मी, तुम्ही, कुणीही तेच केलं असतं." नेलिदाने आवाराच्या पलीकडे बोट दाखवलं. गाड्यांची रांग उभी होती: मालकीणबाईंची, ट्रक, पाण्याचा टँकर, आणि शेवटी पोलिसांची. सगळ्यांची नाकं पश्चिमेला, कवायतीला उभी केल्यासारखी. "सकाळी मीही विचार न करता तशीच लावली. का लावतो आपण अशी?"

"दारासाठी," गुमेर्सिंदो म्हणाला. "पाठ केली आणि दार उघडलं की वारा दार बिजागरीसकट घेऊन जातो. माझ्या मेव्हण्याची दोन गेली."

"बरोबर. आपण दार वाचवतो."

म्हाताऱ्याने खेकड्याकडे पाहिलं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. बराच वेळ.

"च्यायला," तो म्हणाला. "हिला दारंच नाहीत."

तोबियासला पहिल्यांदा हसू फुटलं, आणि ते दाबायच्या नादात त्याला ठसका लागला. गुमेर्सिंदोने त्याच्या पाठीत गुद्दा घातला, गरजेपेक्षा जोरात. "हसू नकोस पोर्तेन्यो. तू बरोबर होतास ते चुकून होतास."

"कागदांसाठी होतो," तोबियास म्हणाला.

मालकीणबाई मुठीतले दोन तुकडे बघत उभ्या होत्या. "सार्जंट, तुम्ही कागदावर काय लिहिणार?"

"अपघात. कुणाचंही नाव नाही."

"आणि याला...?"

"याला न्यायला मला काही कारण नाही."

मान्सियाला ते ऐकू आलं की नाही कळलं नाही. तो कापडाच्या गाठी सोडत होता. शेवटची सुटल्यावर त्याने कापडाची घडी घातली, घडीवर घडी, मग ती घडी घेऊन चाकापाशी खाली बसला.

"ऊठ रे चिलोते," गुमेर्सिंदो म्हणाला. "नाटकं करू नकोस."

"उठता येत नाही."

"मग बस." आणि तोही त्याच्याशेजारी मातीत बसला. "माझी पाती पिशवीत आहेत का?"

"आहेत."

"राहू दे तुझ्याकडे. माझी दाढी तशीही वाढत नाही."

६

चार वाजता सगळे स्वयंपाकघरात आले. कढईत चरबीवर पुऱ्या तळल्या जात होत्या. मान्सियाने मंगळवारपासून जेवणाला हात लावला नव्हता, असं स्वयंपाकीण म्हणाली, आणि ताट त्याच्यासमोर ठेवलं. त्याने पहिली पुरी दोन घासांत संपवली. दुसरी हातात घेऊनच तो बोलायला लागला.

"मागच्या पत्र्याला भोकं पाडतो. हाताएवढी चार. वारा जाईल, पाठीला थोडी थंडी लागेल. टपाला आणखी दोन पकडी, मधोमध. आणि काच येईपर्यंत गाडी वर्कशॉपच्या आडोशाला."

"पाठ करून लावली तर काहीच करावं लागणार नाही," तोबियास म्हणाला.

"नाही," गुमेर्सिंदो म्हणाला. "चार भोकं पाड. पाठ केली तर ट्रकवाले हसतील आपल्याला."

येर्बाचा कडू काढा करायचं काम त्या घरात स्वयंपाकिणीचं. एकच भोपळ्याचं भांडं, एकच धातूची नळी. करणारी गरम पाणी ओतते, एकजण ओढून रिकामं करतो, भांडं परत देतो, मग पुढच्याचा नंबर. आज मालकीणबाईंनी किटली तिच्या हातातून घेतली. स्वयंपाकीण बाजूला सरकली आणि कुठे बघावं हे न कळून चुलीकडे बघत राहिली. मालकीणबाईंनी या घरात कुणा कामगाराला कधी भांडं भरून दिलं नव्हतं.

त्यांनी पाणी ओतलं, थोडा फेस येऊ दिला, आणि भांडं मान्सियापुढे धरलं. नेलिदाच्या नव्हे, जी पाहुणी होती. मान्सियाच्या.

"घ्या एवारिस्तो."

त्याने टोपी काढली, मग भांडं घेतलं. नळी ओढत असताना त्याने एकदाही वर बघितलं नाही. तळाशी खुळखुळ आवाज आल्यावर त्याने भांडं परत दिलं.

तिथली रीत अशी, की भांडं परत देताना 'आभार' म्हटलं, की मला पुरे, आता नको. काही न बोलता दिलं, तर पुन्हा भरा.

मान्सिया काही बोलला नाही.

मालकीणबाईंनी पुन्हा भरून दिलं. तो प्यायला, भांडं परत दिलं. बोलला नाही. तिसरं. चौथं. नंबर कुणाचाच येत नव्हता आणि कुणी मागतही नव्हतं. गुमेर्सिंदोने तोंड उघडलं होतं, नेलिदाने टेबलाखालून त्याच्या बुटावर पाय दिला. बाहेर वारा खिडक्या हलवत होता. मालकीणबाईंचा हात किटलीच्या वजनाने कापायला लागला, तरी त्यांनी दुसरा हात लावला नाही.

सहाव्या वेळेला किटलीतून शेवटचे थेंब पडले. मान्सिया ते अर्धंच भरलेलं भांडं प्यायला. परत देताना त्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं, पण 'आभार' म्हणाला नाही.

मालकीणबाई किटली घेऊन उठल्या. "थांबा," त्या म्हणाल्या, "पाणी ठेवते."